गुरुजी म्हणतीन ते म्हणा

॥ मुहूर्त ॥

गेली अडीच वर्षं मूर्तिजापुरात सकाळी साडेदहाच्या आत एकही शुभ घटका आलेली नव्हती. निदान मोरोपंत गुरुजींच्या पंचांगात तरी नव्हती. साखरपुडा असो, सत्यनारायण असो, नाहीतर नव्या दुकानाचा नारळ असो, मोरोपंत डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि म्हणायचे, "अकरा सतरा. त्याच्या आधी काही खरं नाही." लोकांनाही आता ते पटलं होतं. "मोरोपंताचा मुहूर्त उशिरा असते, पण टिकते," असं गावात म्हणत.

खरं कारण असं होतं, की साडेदहाच्या आत मोरोपंतांची बोटं उघडत नव्हती.

अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याला संधिवात म्हटलं होतं. म्हातारपणी सांधे झिजतात तो नव्हे, दुसरा. "राखणदारानं घरच्याच माणसांना चावत सुटावं, तसं आहे हे," डॉक्टर म्हणाले होते. "शरीर स्वतःच्याच सांध्यांना परकं समजतं. सूज येते, आखडतं. सकाळी सगळ्यात जास्त." मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं होतं, "आणि मन कसं आहे?"

"मनाला सांधे नसतात, डॉक्टर," मोरोपंत म्हणाले होते. डॉक्टर हसले, मोरोपंतही हसले, आणि तो विषय तिथेच राहिला.

हे सगळं एकट्या त्यांच्या पत्नीला, सिंधूताईंना, ठाऊक होतं. तिसऱ्या माणसाला कळता कामा नये, हा मोरोपंतांचा हट्ट. ज्याच्या हातात पळी थरथरते त्याच्या हातचं तीर्थ कोण घेणार? एकदा कळलं की बोलावणं बंद. आणि बोलावणं बंद झालेला भटजी म्हणजे नुसता एक म्हातारा. मोरोपंतांचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं.

अशात एक दिवस उत्तमराव आले. उत्तमराव म्हणजे फुलकोबी आणि वांग्यांचे मोठे बागाईतदार. शकुंतला रेल्वेच्या बंद रुळांपलीकडच्या नव्या ले-आउटमध्ये त्यांनी दुमजली घर बांधलं होतं.

"वास्तुशांत करून द्या जी, गुरुजी. मुहूर्ताची तकलीफ नका घेऊ. तेल्हाऱ्याच्या जावयानं मोबाइलवर काढला. सकाळी सात बारा."

"सात बारा?" मोरोपंतांचा आवाज चिरकला.

"हो ना जी. शेतकऱ्याच्या घराले सातबाराच पायजे!" उत्तमराव आपल्याच विनोदावर थोडेसे हसले आणि लगेच थांबले.

नाही म्हणायचं मोरोपंतांच्या ओठांवर आलं होतं. पण मागच्या महिन्यात दोन घरांनी त्यांना टाळून कारंजा रस्त्यावरच्या तरुण गुरुजींना बोलावलं होतं. त्यांनी मान हलवली. मान त्या दिवशी दुखत नव्हती.

॥ पूर्वतयारी ॥

वास्तुशांतीच्या दिवशी पाच वाजता सिंधूताईंनी पातेल्यात कढत पाणी ओतलं.

"हात घाला."

"फार कढत आहे."

"काल कोमट पाण्यानं काय झालं होतं? घाला मुकाट्यानं."

मोरोपंतांनी हात घातले. पाण्यातून त्यांची बोटं आल्याच्या गाठींसारखी दिसत होती. ती त्यांची आहेत यावर रोज सकाळी नव्यानं विश्वास ठेवावा लागे. दात घासायच्या ब्रशाला सिंधूताईंनी धरायला जाड चिंधी गुंडाळून दिली होती. गोळ्यांची बाटली त्या आधीच उघडून ठेवत. सदऱ्याची बटणं त्या लावत. धोतराच्या निऱ्याही त्याच घालत, आणि खोचताना दोघंही दुसरीकडे बघत.

"आज नाही म्हणून सांगा ना त्यांना. सर्दी झाली म्हणा."

"सर्दीसाठी मुहूर्त थांबत नाही."

"मग खरं सांगा."

"खरं सांगितलं तर पुढचा मुहूर्त येत नाही."

सिंधूताईंनी शेवटचं बटण लावलं आणि हात तिथेच ठेवून त्या उभ्या राहिल्या. "आजकाल हसत नाही तुम्ही. आधी तर मंगलाष्टकं म्हणता म्हणता नवरीला हसवायचे."

"उशीर होऊन राहिला," मोरोपंत म्हणाले.

॥ गृहप्रवेश ॥

पहिला घोटाळा उंबरठ्यावर झाला. मोरोपंतांचा उजवा गुडघा वाकेना. ते पाय जरा उचलल्यासारखा करून तसेच उभे राहिले. मागे उत्तमराव, त्यांच्या पत्नी माणिकबाई, मुलगा सागर आणि वीस-बावीस नातेवाईक खोळंबले.

"काय झालं जी, गुरुजी?"

"वायव्य बघतो आहे."

सगळ्यांनी वायव्येकडे पाहिलं. तिथे पाण्याची नवी कोरी टाकी होती.

"टाकी हटवा लागते का?" उत्तमराव घाबरून म्हणाले.

"नको, नको. आता हरकत नाही." तेवढ्यात गुडघा अर्धा सुटला होता. मोरोपंतांनी पाय न वाकवता, विळा फिरवावा तसा बाजूनं फिरवला आणि उंबरठा ओलांडला. मागे एकापाठोपाठ एक कपडे सळसळल्याचा आवाज आला. मोरोपंत पुढे होते म्हणून त्यांना दिसलं नाही, पण मागची बावीस माणसं पाय बाजूनं फिरवत घरात आली होती. एका काकूंचा पाय चौकटीवर आपटला. त्यांनी तो नमस्कार समजून पुन्हा आपटला.

ह्याचं कारण उत्तमरावांनी आदल्या दिवशी सगळ्यांना दिलेली ताकीद. घर आयुष्यात एकदाच होतं, त्यात चूक नको, म्हणून त्यांनी बजावलं होतं, "गुरुजी म्हणतीन ते म्हणा, करतीन ते करा. मधात थांबाचं नाही. थांबलं का तिथलं पुण्य तिथंच राह्यते."

॥ आचमन ॥

उजव्या हाताचा द्रोण करावा. त्यात पळीभर पाणी घ्यावं. प्यावं. असं तीनदा. पोथीत एवढंच आहे. पोथी लिहिणाऱ्याचे सांधे चांगले असणार.

मोरोपंतांच्या हाताचा द्रोण होईना. बोटं आकड्यासारखी वळलेली, मनगट फिरायला तयार नाही, त्यामुळे हात तोंडापर्यंत येईना. पाणी फटींतून गळायला लागलं. शेवटी त्यांनी तोंडच हाताकडे नेलं. मान तिरपी केली, पाठ वाकवली आणि वासरू कुंडात तोंड घालतं तसं पाणी ओढून घेतलं.

"केशवाय नमः."

"केशवाय नमः," समोरून आवाज आला. पाठोपाठ पाणी ओढल्याचा.

मोरोपंतांनी वर पाहिलं. उत्तमरावांची बोटं आकड्यासारखी वळलेली होती, मान तिरपी होती. माणिकबाईंचीही. त्यांच्या मागे सतरंजीवर सगळं खानदान हाताकडे तोंड नेत होतं. एक आजोबा डाव्या हातानं उजवी बोटं दाबून दाबून वाकडी करत होते.

"सागर, मोबाइल ठेव न् नीट पाह्य. करंगळी पुरी आत घे," उत्तमराव पुटपुटले.

मोरोपंतांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नक्कल! अडीच वर्षं जपलेलं ह्या लोकांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि आता चिडवत आहेत. ते उठून जाणारच होते, पण उठणं एवढं झटपट होण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात त्यांची नजर उत्तमरावांच्या चेहऱ्यावर गेली. डोळे मिटलेले, कपाळावर आठी, ओठांवर पाणी. चिडवणाऱ्याचा चेहरा असा नसतो.

ते बसून राहिले.

॥ कलशस्थापना ॥

तांब्याचा कलश पाण्यानं भरलेला होता. तो दोन्ही हातांनी उचलून तांदळावर ठेवायचा. मोरोपंतांनी उचलला, आणि मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"अगं आई गं!"

"अगं आई गं!" उत्तमराव म्हणाले.

"अगं आई गं!" माणिकबाई म्हणाल्या.

"अगं आई गं!" बावीस जण एका सुरात म्हणाले. स्वयंपाकघरात पुरणाकडे बघणारी एक आत्या धावत दारात आली. "काय म्हनाचं हाये? माहं राह्यलं!" आणि तिनंही म्हटलं.

मग सगळे पुढच्या मंत्राची वाट बघत होते.

"हे..." मोरोपंतांनी कलश तांदळावर टेकवला. "हे झालं मातृस्मरण."

"तीनदा म्हनाचं का जी?"

"एकदा पुरे."

"असू द्या गुरुजी. घर एकदाच होते मानसाचं. तीनदा होऊन जाऊ द्या."

तीनदा झालं. यजमानांचा उत्साह बघून मोरोपंतांना ते खोट्यानं म्हणावं लागलं. आणि खरं म्हणण्यापेक्षा खोटं म्हणणं फार सोपं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

॥ उठणे ॥

प्रदक्षिणेसाठी उठायचं होतं.

मोरोपंत रोज कसे उठत, ते असं. आधी डावा तळहात जमिनीला. मग कोपर. मग अंग कुशीवर टाकून दोन्ही गुडघे खाली, मागचा भाग वर, डोकं खालीच. मग चौरंग, पलंग, नाहीतर सिंधू, जे हाताशी असेल ते धरून एकेक मणका सरळ. मधे दोनदा थांबून श्वास.

त्या दिवशी हाताशी चौरंग होता. ते उठले आणि वळले.

नव्या फरशीवर बावीस माणसं उठत होती. कोपरावर. कुशीवर. मागचा भाग वर, डोकं खाली. एकमेकांचे खांदे धरून, मधे दोनदा थांबून श्वास घेत.

"गाय उठते तसं हाये रे हे!" उत्तमराव खालूनच, धापा टाकत, आनंदानं ओरडले. "आंदी मांगचे पाय! गोमातेचं उठनं हाये, समजलं का?"

मोरोपंत बघत राहिले. अडीच वर्षं हे त्यांनी फक्त आतून पाहिलं होतं, जमिनीकडे तोंड करून. बाहेरून ते कसं दिसतं ते आज कळलं. सिंधू रोज हेच बघते. बघते, आणि मग चहा टाकते.

"गुरुजी, पुढं?" कोणीतरी विचारलं.

"हो. पुढं चला," मोरोपंत म्हणाले.

॥ प्रसार ॥

सागरनं मोबाइल ठेवला नव्हता. तीन मिनिटांचा व्हिडिओ त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "अस्सल जुनी पद्धत." दुपारपर्यंत तो चांदूर बाजारला पोचला, संध्याकाळपर्यंत अकोल्याला. दुसऱ्या दिवसापासून मोरोपंतांचा फोन थांबेना.

"ते बोटं वाकडी करता, ते कोन्त्या पोथीतलं जी?"

"परंपरा आहे," मोरोपंत म्हणत.

"किती जुनी?"

"अडीच..." मोरोपंतांच्या तोंडून खरंच निघून जाई.

"अडीच हजार! तवाच म्हटलं!"

आठवड्याभरात कारंजा रस्त्यावरच्या तरुण गुरुजींचीही बोटं वाकडी झाली. म्हणे त्यांच्या आजोबांपासून चालत आलं होतं. मंगल कार्यालयात एका लग्नात वरपक्षाकडून सात जण गायीसारखे उठले आणि वधूपक्षाला कमीपणा आला.

व्हिडिओ सिंधूताईंनी पाहिला तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग चष्मा हातात धरून तशाच बसून राहिल्या. मोरोपंतांना वाटलं अजून हसताहेत.

"तुम्ही जोरात ओरडलात तिथे," त्या म्हणाल्या. "घरी तर कधी आवाज काढत नाही."

"घरी तू असतेस."

त्या ताटं घ्यायला उठल्या.

गंमत अशी झाली, की आता लपवण्याचं काही उरलं नाही. मोरोपंत रस्त्यानं लंगडत गेले तरी लोक हात जोडत. कण्हले तरी लोक डोळे मिटत. भर बाजारात हातातली पिशवी पडली तर एक माणूस म्हणाला, "त्यागाचं लक्षण हाये." ज्यांना कळू नये म्हणून इतकी धडपड केली, त्यांच्यासमोर सगळं उघडं पडलं होतं, आणि कोणालाही काही कळलं नव्हतं. लपवताना निदान एक आशा होती, की सापडलो तर कोणीतरी बघेल.

॥ चांगला दिवस ॥

मधे डॉक्टरांनी औषध बदललं होतं. "सहा-आठ आठवडे धीर धरा," म्हणाले होते. सातव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी मोरोपंत जागे झाले आणि सवयीनं कोपरावर यायला लागले. कोपराला काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी मूठ मिटली. मिटली. उघडली. उघडली.

सिंधूताई पातेलं घेऊन आल्या तेव्हा मोरोपंत आरशापुढे बटणं लावत होते. सिंधूताईंचा एक हात आपोआप पुढे आला होता, तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी त्या हातानं पदर सारखा केला.

"बोलू नको," मोरोपंत म्हणाले. "बोललीस तर जाईल."

त्या दिवशी तेल्हाऱ्याला उत्तमरावांच्या व्याह्यांकडे, जानरावांकडे, वास्तुशांत होती. उत्तमराव आपली भाजी वाहायची गाडी घेऊन न्यायला आले. मोरोपंत तिच्यात एका दमात चढले. वाटेत ते इतकं बोलले, की एरवी बोलका असलेला उत्तमरावांसारखा माणूस गप्प राहिला.

॥ तेल्हारा ॥

जानरावांच्या घरी तीसेक माणसं तयारीत बसली होती. बोटं आधीपासूनच वाकडी. सगळ्यांच्या मागे भिंतीपाशी जानरावांची आई, पार्बताबाई, खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून मागे.

मोरोपंतांनी पळी घेतली. हाताचा सुंदर द्रोण झाला, एक थेंब सांडला नाही. हात सहज ओठांपर्यंत आला. कित्येक महिन्यांत त्यांनी असं पाणी प्यायलं नव्हतं.

"केशवाय नमः."

कोणी काही म्हणेना. सगळे जानरावांकडे बघत होते. जानराव हळूच पुढे झुकले.

"गुरुजी, हे तं साधं झालं जी."

"हेच बरोबर आहे."

"उत्तमरावच्या घरी वाकडं केलं ना? आमच्या घरी काहून कमी?" जानरावांचा आवाज दुखावलेला होता. "आमी काही पाप केलं का? पोरीच्या माहेरी अस्सल, न् सासरी साधं?"

"त्याईचं बरोबर हाये गुरुजी," उत्तमराव व्याह्याची बाजू सावरत म्हणाले.

मोरोपंतांनी तीस चेहऱ्यांकडे पाहिलं. मग आपल्या सरळ बोटांकडे पाहिलं, आणि ती एकेक करून वाकडी केली. मान तिरपी केली. पाणी मुद्दाम सांडलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

कलश आला. हलका लागला. "अगं आई गं," मोरोपंत म्हणाले.

"अगं आई गं," तीस जण म्हणाले. जानरावांचं समाधान झालं नाही.

"त्या व्हिडिओत जोर होता जी थोडा."

"अगं आई गं!"

"जोर हाये, पन... त्याच्यात कसं, पोटातून आलं होतं."

मोरोपंतांनी कलश खाली ठेवला. अडीच वर्षं ते बरं असल्याचं सोंग करत आले होते आणि कोणाला शंका आली नव्हती. आज दुखत असल्याचं सोंग करायला बसले, तर ते साधेना. एवढा एक चांगला दिवस मिळाला होता. तो दुपारपर्यंत तरी टिकेल का, माहीत नव्हतं. आणि तो ह्यात चालला होता.

"अहो, तो विधी नव्हता," ते म्हणाले. "मला दुखत होतं."

"अहो, तो विधी नव्हता. मला दुखत होतं," तीस जण म्हणाले.

"म्हणू नका! मी तुम्हाला सांगतो आहे."

"म्हणू नका! मी तुम्हाला सांगतो आहे."

उत्तमरावांनी ताकीद इथेही दिलेली होती. कोणी थांबायला तयार नव्हतं. मोरोपंतांना आधी राग आला, मग हसू फुटेल असं वाटलं, मग दोन्ही गेलं. समोर तीस माणसं डोळे मिटून बसली होती. कोणी ऐकत नाही अशी खात्री असली की माणूस बोलतो.

"मला सांध्यांचा आजार आहे."

"मला सांध्यांचा आजार आहे."

"अडीच वर्षं झाली."

"अडीच वर्षं झाली."

"माझी बटणं बायको लावून देते."

"माझी बटणं बायको लावून देते," सगळे म्हणाले. पुरुषांचे आवाज जरा अडखळले. कोपऱ्यात एक सून फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

"पाणी प्यायला दोन हात लागतात. कोणाला सांगितलं नाही. कोणी बोलावणार नाही म्हणून."

ह्या वेळी निम्मेच आवाज आले. कोणीतरी डोळे उघडले होते.

"कोणी बोलावलं नाही, तर मी दिवसभर करणार काय?"

चार-पाच आवाज. जानराव तोंड उघडं ठेवून बघत होते.

मोरोपंतांनी मान खाली घातली. पुढचं ते स्वतःच्या हातांशी बोलले. "सकाळी डोळे उघडतात ना, तेव्हा वाटतं, हे उघडले नसते..."

इथे ते थांबले. पुढचं त्यांना म्हणवेना.

"...उघडले नसते त बरं झालं असतं," कोणीतरी पुरं केलं.

॥ ॥

(ह्या जागी पोथीत काही नाही.)

॥ मागची खुर्ची ॥

"कुठी दुखते, बाप्पा?"

पार्बताबाई खुर्चीवरून पुढे वाकल्या होत्या. मोरोपंतांनी मान वर केली. सिंधूला विचारावं लागत नसे, डॉक्टर कागदाकडे बघून विचारत. बाकी कोणी हे कधी विचारलं नव्हतं.

"बोटांत. मनगटात. गुडघ्यात."

"माहे पाह्य." म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. बोटं एका बाजूला कलली होती, पेरांवर गाठी होत्या. "आठ वर्सं झाले मले. तो व्हिडिओ पाह्यला तवाच म्या ह्या जानरावाले म्हटलं, त्या मानसाले दवाखान्यात न्या रे कोनी. त हा म्हने, बुढे, तुले अध्यात्मातलं काय समजते!"

जानराव सतरंजीचा एक धागा ओढत बसले.

"आज दुखते का?" म्हातारीनं विचारलं.

"आज नाही."

"मंग आज काहून वाकडं करून राह्यले? सरळ करा. उद्याचं उद्या पाहू."

मग सगळं सरळ झालं. मोरोपंतांनी मंत्र नेहमीच्या चालीत म्हटले. आहुती देताना बोटं जरा आखडायला लागली होती, तेव्हा जानरावांनी न सांगता आपला हात खालून आधाराला लावला. जेवणं झाल्यावर ते मोरोपंतांजवळ येऊन उभे राहिले.

"दिवाळीत पोराचं, शिवमचं, दुकान उघडाचं हाये जी. तुमाले ज्या टायमाले जमते, तो मुहूर्त काढा." मग जरा घुटमळून, "अन् तुमचे डॉक्टर कुठी बसतात? आईले दाखवाचं होतं. आठ वर्सं ती म्हनते दुखते, आमी म्हनतो वय झालं."

॥ परतीचा रस्ता ॥

परत येताना अकोल्यापर्यंत उत्तमराव काही बोलले नाहीत. मागे रिकाम्या प्लास्टिकच्या पेट्या खडखडत होत्या. मोरोपंतांना वाटलं, आपण ह्यांना व्याह्यापुढे मान खाली घालायला लावली. घरच्या वास्तुशांतीचंही पुण्य गेलं असं वाटत असेल.

"उत्तमराव, तुमच्या घरी मी खोटं बोललो. ते मातृस्मरण वगैरे. तुम्ही म्हणाल तर पुन्हा सगळं करून देतो. दक्षिणा नको."

"नाई जी. त्याचं काही नाई."

पुन्हा पेट्या खडखडल्या. बोरगावच्या पुढे कपाशीच्या रांगा सुरू झाल्या.

"गुरुजी," उत्तमराव समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "ते शेवटचं तुमी अर्धं सोडलं ना. डोळे उघडाचं."

"हो."

"ते पुरं म्या केलं."

मोरोपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सवयीनं म्हटलं असेल तुम्ही. मी म्हणतो ते म्हणायचं, म्हणून."

"तुमच्या मांगून नाई म्हटलं जी. तुमच्या आंदी म्हटलं." उत्तमरावांनी एका हातानं तोंडावरून रुमाल फिरवला. घाम नव्हता. "मले तं काही झालं नाई. हात चांगले, पाय चांगले. घर बांधलं, पोरगी चांगल्या घरी दिली. तरी रोज सकाळी पयले तेच येते. चार-सहा म्हैने झाले. मानिकले सांगतलं नाई. म्हटलं, नव्या घरात हसतीन लोक. म्हनून म्हटलं वास्तुशांत नीट करू, एक शब्द इकडचा तिकडे नको. त्यानं जाईन ते."

मोरोपंतांचा हात मांडीवर होता. बोटं आखडत चालली होती, दिवस उतरणीला लागला होता. त्यांनी तो हात कसाबसा उचलून उत्तमरावांच्या खांद्यावर ठेवला.

"गाडी बाजूला घ्या," मोरोपंत म्हणाले.

"गाडी बाजूला घ्या," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी बाजूला घेतली.